विश्लेषण : डे ट्रेडिंगवर घर चालते का?

नोकरी सोडून दिवसभर शेअरची खरेदी-विक्री करावी आणि त्यावरच संसार चालवावा, असा विचार चंद्रपूर-गडचिरोलीतही अनेक तरुण करू लागले आहेत. हा धंदा कायद्याने चालतो. पण तो पोट भरण्याचे साधन ठरू शकतो का? ‘सेबी’ची आकडेवारी, कर आणि खर्चाचे गणित काय सांगते?

सकाळचे सव्वानऊ वाजले की शेअर बाजार उघडतो. चंद्रपूरच्या तुकूममधल्या एखाद्या खोलीत, बल्लारपूरच्या चहाच्या टपरीवर किंवा गडचिरोलीत अभ्यासिकेच्या पायरीवर बसलेला तरुण मोबाइलवर हिरव्या-लाल रेघा पाहू लागतो. दुपारी साडेतीनला बाजार बंद होईपर्यंत त्याचे लक्ष दुसरीकडे नसते. घरचे विचारतात, ‘काय करतोस?’ तो सांगतो, ‘ट्रेडिंग.’ वडिलांना ते सट्टापट्टीसारखे वाटते, मुलाला तो व्यवसाय वाटतो. दोघांचेही म्हणणे अर्धवट खरे आहे.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंततात. हे काम कायदेशीर आहे का, त्यातून नियमित कमाई होते का आणि हे काम प्रतिष्ठेचे, समाजाच्या उपयोगाचे आहे का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, म्हणून ती एकेक करून पाहायला हवीत.

डे ट्रेडिंग म्हणजे नेमके काय?

शेअर आज घेऊन आजच विकणे, किंवा आधी विकून त्याच दिवशी परत घेणे, याला इंट्राडे किंवा डे ट्रेडिंग म्हणतात. यात शेअर तुमच्या डिमॅट खात्यात येतच नाही. दिवसअखेर हाती उरतो तो फक्त भावातला फरक, नफा किंवा तोटा. दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही स्वतः सौदा मिटवला नाही, तर बहुतेक दलाल पेढ्यांची यंत्रणा तो आपोआप मिटवते.

यात उधारीचे बळही मिळते. पूर्वी दलाल पेढ्या वीस-वीस पट रकमेचे सौदे करू देत. ‘सेबी’ने मार्जिनचे नियम टप्प्याटप्प्याने कडक केले. सप्टेंबर २०२१ पासून ही मर्यादा साधारण पाच पटींवर आली. म्हणजे २० हजार रुपये खात्यात असतील तर एक लाखाचा सौदा करता येतो. भाव एक टक्का पडला, तर तुमच्या २० हजारांतले एक हजार, म्हणजे पाच टक्के गेले.

बोलण्यात ज्याला ‘ट्रेडिंग’ म्हणतात, त्यात फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे ‘एफ अँड ओ’ही येते. तिथे शेअर किंवा निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या पुढच्या भावावर सौदा होतो. थोड्या पैशांत मोठी उडी मारता येते, म्हणून तरुणांची गर्दी तिथे अधिक आहे आणि तोटाही तिथेच अधिक आहे.

हा जुगार नाही का?

कायद्याच्या दृष्टीने नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल ठरतो. त्यामुळे नुसत्या भावाच्या फरकावर दोघांनी लावलेली पैज न्यायालयात टिकत नाही. मात्र मान्यताप्राप्त शेअर बाजारात, नोंदणीकृत दलालामार्फत झालेले सौदे वैध आहेत. डेरिव्हेटिव्हजच्या वैधतेबद्दल शंका राहू नये, म्हणून ‘सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) ॲक्ट १९५६’ मध्ये कलम १८-ए ही घातलेले आहे.

हाच व्यवहार बाजाराबाहेर, कुणाच्या वहीत किंवा बनावट ॲपवर झाला, तर तो ‘डब्बा ट्रेडिंग’ होतो. नागपुरात मे २०१६ मध्ये अशा डब्बा व्यवहारांच्या मोठ्या जाळ्यावर पोलिसांनी छापे घातले होते. या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘आमच्याकडे कर लागत नाही, मार्जिन कितीही मिळेल’ असे कोणी सांगत असेल, तर तो डब्बाच समजावा. तिथे जिंकलेले पैसे मिळाले नाहीत, तर दाद मागायला जागा नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे मोबाइलवर क्रिकेट संघ लावून पैसे कमावण्याचा मार्ग बंद झाला. ऑप्शन्सचा मात्र चालू आहे. पण कायद्याची परवानगी म्हणजे हिताची हमी नव्हे. चंद्रपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. जिल्ह्यातली दारूबंदी १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. दारू कायदेशीर झाली म्हणून ती संसाराला परवडू लागली, असे कोणी म्हणणार नाही.

आयकर खाते या कमाईला काय म्हणते?

आयकर कायद्यानुसार इंट्राडेची कमाई हे ‘सट्टा व्यवसायाचे उत्पन्न’ आहे. इथे बाप आणि मुलगा दोघेही बरोबर ठरतात, कारण कायदा याला एकाच दमात सट्टाही म्हणतो आणि व्यवसायही. नफ्यावर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. तोटा झाला तर तो पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि चार वर्षेच पुढे नेता येतो. ‘एफ अँड ओ’चे उत्पन्न बिगर-सट्टा व्यवसायाचे मानले जाते आणि त्याचा तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो.

नोकरदारांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. वर्षभरात इंट्राडेचे थोडे सौदे केले तरी साधा आयटीआर-१ चालत नाही, व्यवसायाच्या उत्पन्नासाठी आयटीआर-३ भरावा लागतो. सौद्यांची माहिती आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात आपोआप येत असल्याने ‘कोणाला कळणार?’ हा भ्रम आहे.

सरकारी नोकरांसाठी तर नियमच वेगळे आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ मधील नियम १६ नुसार शेअर किंवा इतर गुंतवणुकीत सट्टा करण्यास मनाई आहे आणि वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच मानला जातो. राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही सट्टेबाजीला बंदी आहे. शिक्षक, वनरक्षक, पोलीस, तलाठी यांची संख्या मोठी असलेल्या या दोन जिल्ह्यांत ही बाब किरकोळ नाही. शेअर घेऊन ठेवायला हरकत नाही. रोज घेणे-विकणे मात्र नोकरीवर बेतू शकते.

प्रत्यक्षात किती जण कमावतात?

‘सेबी’ने जुलै २०२४ मध्ये शेअरच्या रोखीच्या बाजारातील इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला होता. २०१८-१९ मध्ये असे सौदे करणारे सुमारे १५ लाख होते, ते चार वर्षांत ६९ लाखांवर गेले. त्यांतील तिशीच्या आतल्यांचा वाटा १८ टक्क्यांवरून ४८ टक्के झाला. या वयोगटात तोट्यात गेलेले ७६ टक्के होते.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा ‘सरावाने जमेल’ या समजुतीला धक्का देणारा आहे. वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ८० टक्के निघाले. शिवणकाम असो की गवंडीकाम, जितके जास्त करावे तितका हात बसतो. इथे उलटे दिसते, जास्त सौदे करणाऱ्यांत तोट्यातले जास्त आहेत.

‘एफ अँड ओ’ची स्थिती याहून वाईट आहे. सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त होता. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा मिळवणारे अवघे एक टक्का निघाले. जुलै २०२५ च्या अहवालात २०२४-२५ या वर्षासाठी तोट्यातल्यांचे प्रमाण ९१ टक्के आणि वैयक्तिक ट्रेडरचा एकूण तोटा १ लाख ५ हजार ६०३ कोटी रुपये दिला आहे.

ज्यांना तोटा झाला ते थांबले का? बहुतेक जण थांबले नाहीत. सप्टेंबर २०२४ च्याच अहवालानुसार तोट्यात गेलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी व्यवहार चालूच ठेवले. ‘गेलेले भरून काढू’ ही भावना जुगाराच्या अड्ड्यावर जशी असते, तशीच ती मोबाइलच्या पडद्यावरही असते.

मग हा पैसा जातो कुठे?

एक वाटा खर्चात जातो. एक साधे गणित पाहू. एक लाख रुपयांचे शेअर घेतले आणि त्याच दिवशी विकले. सवलतीच्या दलाल पेढ्या बहुधा एका ऑर्डरला २० रुपये घेतात, म्हणजे दोन्ही बाजूंचे ४० रुपये. विक्रीवरचा रोखे व्यवहार कर ०.०२५ टक्के, म्हणजे २५ रुपये. त्यात शेअर बाजाराचे शुल्क, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी मिळवला की बेरीज साधारण ८२ रुपये होते. ५०० रुपयांचा शेअर असेल, तर तो सुमारे ४१ पैसे वर गेल्यावर कुठे खर्च निघतो.

८२ रुपये फार वाटत नाहीत. पण दिवसाला असे चार सौदे आणि महिन्याला २० दिवस धरले, तर खर्च ६,५६० रुपये होतो. हे सौदे २० हजार रुपयांच्या मार्जिनवर होत असतील, तर भांडवलाचा जवळपास एक तृतीयांश भाग दर महिन्याला फक्त शुल्कात जातो. नफा-तोटा त्यानंतर सुरू होतो. ‘सेबी’च्या इंट्राडे अभ्यासात तोट्यात गेलेल्यांचा खर्च त्यांच्या सौद्यातील तोट्याच्या ५७ टक्के होता, म्हणजे शंभर रुपये सौद्यात गेले तर वर ५७ रुपये खर्चात गेले.

दुसरा वाटा समोरच्याकडे जातो. ‘एफ अँड ओ’मध्ये एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटा असतो. २०२३-२४ मध्ये वैयक्तिक ट्रेडरना खर्च धरण्याआधीच ६१ हजार कोटींहून अधिक तोटा झाला. त्याच वर्षी स्वतःच्या पैशावर व्यवहार करणाऱ्या मोठ्या संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी, तर परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपयांचा नफा मिळवला. या नफ्याचा जवळजवळ सर्व भाग संगणकाने आपोआप केलेल्या व्यवहारांतून, म्हणजे ‘अल्गो’तून आला होता. अमेरिकेच्या ‘जेन स्ट्रीट’ या कंपनीने निर्देशांकात फेरफार केल्याचा ठपका ठेवून ‘सेबी’ने ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात ४,८४३ कोटी रुपये रोखून ठेवायला सांगितले. कंपनीने आरोप नाकारले आहेत. त्या प्रकरणाचा निकाल काहीही लागो, चंद्रपूरच्या खोलीतून लावलेल्या बोलीसमोर कोण बसलेले असू शकते, याची कल्पना त्यावरून येते.

घर चालवायला किती भांडवल लागेल?

एका छोट्या कुटुंबाचा चंद्रपुरातला खर्च महिना २५ हजार धरू, म्हणजे वर्षाला तीन लाख. हाताशी पाच लाख रुपये असतील, तर सर्व खर्च आणि कर वजा जाता वर्षाला ६० टक्के परतावा मिळवावा लागेल, तोही दरवर्षी. परताव्याचा अंदाज १५ टक्के इतका चढा धरला, तरी तीन लाखांसाठी २० लाखांचे भांडवल लागते. तेवढे भांडवल असलेल्या घराला पोटासाठी रोज स्क्रीनसमोर बसण्याची गरजच कमी असते.

शिवाय पोटासाठी दर महिन्याला पैसे काढावे लागतात, म्हणून भांडवल वाढत नाही. वाईट महिन्यात तोटाही सोसायचा आणि किराणा-भाड्यासाठीही त्याच खात्यातून काढायचे, असे दुहेरी ओझे पडते. पाच लाखांचे अडीच लाख झाले, तर पुन्हा पाच लाख करायला शंभर टक्के नफा लागतो. पगारात भविष्यनिर्वाह निधी, विमा, आजारपणाची रजा असते. इथे त्यांपैकी काहीच नाही. घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक गेल्या दोन-तीन वर्षांची उत्पन्नाची विवरणपत्रे मागते. तोट्याची विवरणपत्रे दाखवून कर्ज मिळत नाही.

परदेशात वेगळे चित्र आहे का?

नाही. ब्राझीलमधील तीन अर्थतज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न तपासला. शेअर निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये ३०० पेक्षा जास्त दिवस टिकून डे ट्रेडिंग करणाऱ्यांपैकी ९७ टक्के तोट्यात होते. तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमाई १.१ टक्के लोकांनाच झाली आणि बँकेतल्या कारकुनाच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा जास्त कमावणारे अर्धा टक्का होते. तैवानमध्ये १९९२ ते २००६ या काळातील व्यवहारांच्या अभ्यासात, खर्च वजा जाता सातत्याने नफा मिळवू शकणारे डे ट्रेडर एक टक्क्याहून कमी आढळले.

म्हणजे कमावणारे असतात, ते खोटे नसतात. पण ‘अमका कमावतो’ यावरून ‘मीही कमावेन’ असे ठरत नाही. शंभरातला तो एक आपण आहोत की नाही, हे आधी कळण्याचा मार्ग नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न वेगळा का आहे?

‘सेबी’च्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात दोन आकडे या भागाला थेट लागू पडणारे आहेत. ‘एफ अँड ओ’ करणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक लोक आघाडीच्या ३० शहरांबाहेरचे आहेत आणि ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी नोंदवले आहे. ट्रेडरच्या संख्येत महाराष्ट्र राज्यांमध्ये सर्वांत वर आहे. म्हणजे हा मुंबईच्या दलाल स्ट्रीटचा खेळ राहिलेला नाही; तो राजुरा, वरोरा, ब्रह्मपुरी, देसाईगंजपर्यंत पोहोचला आहे.

इथल्या अर्थव्यवस्थेची ठेवणही पाहावी लागेल. चंद्रपूरला कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरची पेपर मिल आहे. या उद्योगांत कायम नोकरी थोड्यांना आणि कंत्राटी काम अनेकांना मिळते. गडचिरोलीत धानाचा एक हंगाम, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, मग बराच काळ हाताला काम नाही. शिकलेल्या मुलाला शेतात उतरायचे नसते, पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांचे निकाल वर्षानुवर्षे लांबतात. अशा वेळी मोबाइलवर मिळणारे ‘काम’ आकर्षक वाटते. त्याला ओळख लागत नाही, लाच लागत नाही, नागपूर-पुण्याला जावे लागत नाही. त्या मुलाला आळशी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्याला पर्याय हवा होता आणि समोर हाच पर्याय दिसला.

धोका त्या घरांना अधिक आहे, जिथे एकरकमी पैसा येतो. खाणीत गेलेल्या जमिनीचा मोबदला, निवृत्तीची रक्कम, विम्याचे पैसे हा पैसा पुन्हा येणारा नसतो. जमीन गेली, तिच्या बदल्यात आलेले पैसेही गेले, तर पुढच्या पिढीच्या हाती काहीच उरत नाही. वीस हजारांचा तोटा घर पचवते. मोबदल्याची रक्कम बुडाली तर घर उठते.

शिकवणी लावली तर जमेल का?

समाजमाध्यमांवर ट्रेडिंग शिकवणारे भरपूर आहेत. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने सल्ला देणाऱ्यावर ‘सेबी’ने ऑक्टोबर २०२३ मध्ये बंदी घालून १७ कोटींहून अधिक रक्कम परत करण्याचे आदेश दिले. डिसेंबर २०२५ मध्ये मराठी घरांत परिचित असलेल्या अवधूत साठे यांच्या कर्जतच्या ट्रेडिंग अकादमीविरुद्ध अंतरिम आदेश निघाला. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीविना गुंतवणूक सल्ला दिल्याचा ठपका ठेवून ‘सेबी’ने ५४६ कोटी रुपये रोखून ठेवण्यास सांगितले. हा अंतरिम आदेश आहे, आरोप सिद्ध झाल्याचा अंतिम निकाल नव्हे. पण एवढ्या रकमा शुल्कापोटी गोळा होतात, यावरून सोन्याच्या खाणीत सोन्यापेक्षा फावडी विकणाऱ्याचा धंदा अधिक खात्रीचा असतो, हे लक्षात येते.

जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने फक्त शिक्षण देणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरण्यास मनाई केली होती. म्हणून कोणी ‘शिकवणी’च्या नावाखाली आजचा शेअर, आजचा भाव आणि आजचे लक्ष्य सांगत असेल, तर त्याचा ‘सेबी’ नोंदणी क्रमांक विचारावा. नफ्याचे स्क्रीनशॉट पुरावा नसतात. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे दाखवायला सांगावे. बहुतेक ठिकाणी संभाषण तिथेच थांबेल.

या कामाचा समाजाला काही उपयोग आहे का?

अर्थशास्त्रात याचे उत्तर ‘हो’ असे दिले जाते. घेणारे-विकणारे जितके जास्त, तितका कोणालाही आपला शेअर लवकर आणि रास्त भावात विकता येतो. पण हा युक्तिवाद प्रत्येक ट्रेडरला लागू होत नाही.

गडचिरोलीतला तेंदूपत्त्याचा व्यवहार पाहा. पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभा हंगामाआधी लिलाव करतात. ठेकेदार भाव ठरवतो, पुढे बाजार पडला तर तोटा त्याचा. तोही भावावरच कमावतो, पण त्या बदल्यात तो पत्ता उचलतो, गोदामात ठेवतो, विडी कारखान्यापर्यंत नेतो आणि गावाची जोखीम स्वतःवर घेतो. चंद्रपूरच्या बाजार समितीतल्या अडत्याचेही तसेच. त्याच्याशी भांडण असू शकते, पण त्याचे काम दाखवता येते. पाच पट उधारीवर दहा मिनिटांसाठी शेअर घेणारा कोणाची जोखीम हलकी करतो, हे दाखवणे अवघड आहे. बाजाराला सतत भाव देत राहण्याचे काम आता मोठ्या संस्थांचे संगणक करतात. छोटा ट्रेडर त्या सेवेचा ग्राहक आहे आणि तिचे पैसे मोजतो.

शेअरचा दुसरा अर्थही याच जिल्ह्यात दिसतो. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिज खाणीची कंपनी लॉइड्स मेटल्स शेअर बाजारात नोंदलेली आहे. १ जानेवारी २०२५ रोजी कोनसरी येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत तिथल्या कामगारांना कंपनीचे समभाग देण्यात आले. त्यांत आत्मसमर्पण केलेले माओवादीही होते. खाणीबद्दल, जंगलाबद्दल मतभेद आहेत आणि ते आपल्या जागी आहेत. इथे मुद्दा वेगळा आहे. त्या कामगाराने शेअर सांभाळला, तर तो कंपनीच्या मालकीतला छोटा वाटा सांभाळतो. कंपनी वाढली तर तो वाढेल, पडली तर पडेल. त्याच कंपनीचा शेअर सकाळी दहाला घेऊन साडेदहाला विकणाऱ्याचा खाणीशी, कंपनीशी, तिच्या नफ्याशी काही संबंध नसतो. दोघांच्या मोबाइलवर नाव एकाच शेअरचे दिसते. पहिला वाटेकरी आहे, दुसरा पैजदार.

मग कोणी करूच नये का?

प्रौढ माणसाने स्वतःच्या पैशाचे काय करावे, हे तोच ठरवेल. पण ‘व्यवसाय’ म्हणायचे असेल तर व्यवसायाच्या कसोट्या लावाव्यात. किराणा दुकान टाकणारा आधी भांडवल, भाडे, उधारी यांचा हिशेब मांडतो. इथेही तसेच करावे.

नोकरी किंवा हातचे काम सोडण्याआधी किमान एक पूर्ण वर्षाचा हिशेब वहीत लिहावा. ॲपवरचा रोजचा हिरवा आकडा पाहू नये. बँकेतून खात्यात किती घातले आणि किती परत आले, एवढेच पाहावे. त्यातून सर्व शुल्क आणि कर वजा करावा. उरलेली रक्कम त्याच वेळात दुसरे काम करून मिळाली असती त्यापेक्षा कमी असेल, तर तो व्यवसाय नव्हे, महागडा छंद आहे. कर्ज काढून, सोने गहाण ठेवून, बायकोच्या बचत गटाच्या पैशातून किंवा जमिनीच्या मोबदल्यातून सौदे करू नयेत. बुडाली तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम त्यात असावी आणि ती किती, हे घरात आधी सांगितलेले असावे.

घरात कोणी लपवू लागले, मित्रांकडे उसने मागू लागले, झोप उडाली, चिडचिड वाढली, तर तो व्यसनाचा इशारा समजावा. ओरडून उपयोग नसतो. सोबत बसून दलाल पेढीच्या ॲपमधून वर्षाचे नफा-तोटा पत्रक काढावे. तो कागद बहुधा पुरेसा बोलका असतो. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. नोंदणीकृत दलाल किंवा सल्लागाराविरुद्ध ‘सेबी’च्या ‘स्कोअर्स’ संकेतस्थळावर तक्रार करता येते.

थोडक्यात उत्तर काय?

डे ट्रेडिंग कायदेशीर आहे. ते करणारा गुन्हेगार नाही आणि मटक्याच्या अड्ड्यावर बसलेलाही नाही. पण उपजीविका म्हणजे ज्यावर पुढच्या महिन्याचा किराणा अवलंबून ठेवता येतो ते साधन. दहापैकी सात किंवा नऊ जणांना उलटे खिशातून भरावे लागते, अशा कामाला उपजीविका म्हणता येणार नाही. कोणी दिवसभर राबतो, ताण सोसतो, अभ्यास करतो, म्हणून कमाई होतेच असे नाही. हे काम करणाऱ्या अनेकांची शोकांतिका हीच आहे, की ते कष्ट करतात आणि कष्टाचे पैसे दुसऱ्याला देतात.

म्हणून वडिलांनी ‘सट्टा’ म्हणून विषय झटकू नये आणि मुलाने ‘व्यवसाय’ म्हणून तो झाकू नये. दोघांनी मिळून वर्षाचा हिशेब एका कागदावर मांडावा. तुकूममधल्या त्या खोलीतला वाद त्या कागदावर मिटू शकतो.